सगळ्यांत हळू पळणारा माणूस

आमच्या घरमालकांना मी कधी घाईत पाहिलं नाही, आणि ते रोज सकाळी पळायला जात. या दोन गोष्टी एका माणसात कशा नांदतात हे ज्याला समजणार नाही, त्यानं त्यांना नाशिकच्या इंदिरानगरमागच्या कालव्याकाठच्या कच्च्या रस्त्यावर पाहायला हवं होतं. अंगात बनियन, डोक्यावर पांढरी टोपी, पायात कॅनव्हासचे बूट आणि गुडघ्यापर्यंत कापलेली जुनी खाकी पँट. हात कोपरात वाकवलेले, टाच उचललेली, सगळं पळण्याचंच. फक्त माणूस पुढं सरकत नसे. बँकेतून निवृत्त झालेले एक शेजारी काठी टेकत फिरायला येत, तेसुद्धा त्यांना ओलांडून जात. मग हे पळता पळता कडेला होऊन म्हणत, "जा, जा. पुढं जागा हाय."

तीस वर्षं ते एसटीत कंडक्टर होते. कॉलनीत सगळे त्यांना कंडक्टरकाका म्हणत. मूळचे देवळ्याचे. शेत भावाकडे होतं, तिकडून दरवर्षी कांद्याच्या गोण्या यायच्या, आणि उन्हाळ्यात त्यातला एक कांदा काकांच्या खाकी पँटच्या खिशात असायचा, ऊन लागू नये म्हणून. सकाळी सहाला कुठलं ऊन, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, परत येताना असतं. त्यांचा वेग बघता ते खरंच होतं.

नोकरी संपली तरी बस त्यांच्या अंगातून उतरली नव्हती. उभं राहून बोलायचं असलं की त्यांचा उजवा हात आपोआप वर जाई आणि धरायला काहीतरी शोधी. ओट्यावर असले तर कपडे वाळत घालायची काठी, दारात असले तर चौकट, लग्नात मांडवाचा बांबू. भेटलेल्या माणसाला नमस्काराऐवजी ते "कुठं?" असं विचारत. आणि चार माणसं दाटीनं उभी दिसली की त्यांच्या तोंडून निघायचंच, "चला, पुढं सरका." एकदा शेजारच्या घरी सांत्वनाला गेले असतानाही निघालं होतं, आणि लोक खरोखरच सरकले.

अठ्ठ्याण्णवच्या सुमारास आम्ही त्यांच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहायला आलो. मी, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी. नवरा अंबडच्या कारखान्यात पाळ्या करायचा. मी एका सरकारी कार्यालयात टायपिस्ट होते. खाली काका एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती.

माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. मला लहानपणी बाळदमा होता. निफाडला आमच्या घरी एकच वाक्य सकाळ-संध्याकाळ ऐकू यायचं, "पळू नकोस." आई हे वाक्य मी जिन्यावर असताना म्हणायची, अंगणात असताना म्हणायची, नुसती उभी असतानाही म्हणायची. शाळेत खेळाच्या तासाला मी पायरीवर बसून इतर मुलींच्या चपला सांभाळायची. कुठली चप्पल कोणाची हे मला पाठ होतं. पुढं आठवीत दमा गेला. पण माझ्यातून गेला, घरातून गेला नाही. मी मोठी झाले, नोकरीला लागले, लग्न झालं, मूल झालं, आणि एवढ्या काळात एकदाही पळाले नाही. समोर बस सुटताना दिसली तर मी मुद्दाम चाल मंद करायची, जणू मला ती पकडायचीच नव्हती.

बसचा थांबा आमच्या फाटकासमोरच होता. काका ओट्यावर चहा पीत बसलेले असत. त्यांनी लागोपाठ तीन दिवस मला असं करताना पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी फाटकापाशी आले.

"ताई, पळाला असता तर मिळाली असती."

मी म्हणाले की मला दमा आहे.

"शेवटचा कधी आला होता?"

मी हिशेब केला. आठवीत. म्हणजे एकोणीस वर्षं झाली होती. हे मी मोठ्यानं सांगितलं तेव्हा मलाच ते नवीन वाटलं.

काकांनी फाटकाची वरची कमान धरली आणि थोडा विचार करून म्हणाले, "म्हणजे पॅसेंजर कधीच उतरून गेला, आन् तुम्ही अजून त्याचं तिकीट फाडताय."

त्या दिवशी मी ऑफिसात उशिरा पोचले आणि दिवसभर चुकीचं टाइप केलं.

तरी काकांनी मला लगेच पळवलं नाही. आधी डॉक्टर, हे त्यांनीच ठरवलं. द्वारका चौकाजवळ छातीचे एक डॉक्टर होते. नवऱ्याची सकाळची पाळी होती, म्हणून काकाच बरोबर आले आणि पडद्याची दांडी धरून उभे राहिले. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं, पाठीला आणि छातीला सगळीकडून ऐकलं, आणि विचारलं की तुम्ही कशासाठी आलात. छाती स्वच्छ होती. पळायला हरकत नाही, हळूहळू सुरुवात करा, असं त्यांनी सांगितलं. मी काकांकडे बघून म्हटलं, हळूहळूच होईल.

पहिल्या दिवशी कालव्याकडे चालत जाताना त्यांनी मला आपली सगळी विद्या सांगितली. ती त्यांनी कुठल्या मैदानावर मिळवली नव्हती. गाडीच्या मागच्या दारातून मिळवली होती. तीस वर्षं रोज त्यांनी माणसं एसटीमागं पळताना पाहिली होती. पोरं, म्हाताऱ्या, पाटी घेतलेल्या बायका, नवे बूट घातलेले नवरदेव. त्यांचं म्हणणं असं की कोण गाडी पकडणार आणि कोण नाही, हे त्यांना पहिल्या चार पावलांतच कळायचं. जो पहिल्यापासून जीव खाऊन सुटतो, तो हमखास मध्ये थांबतो. जो दाराकडे नजर ठेवून एका चालीत येतो, तो चढतो, मग तो साठ वर्षांचा का असेना.

रस्त्याकडेला विजेचे बारा खांब होते. काकांनी प्रत्येकाला नाशिक–देवळा मार्गावरच्या एकेका थांब्याचं नाव दिलं होतं. पहिला खांब आडगाव, मग ओझर, पिंपळगाव, असं करत बारावा देवळा. एक खांब पळायचं, दोन खांब चालायचं. त्यांनी जिभेनं दोनदा टिंग टिंग केलं, म्हणजे डबल बेल, गाडी सोडा. मी सलवार-कमीज, ओढणी कमरेला बांधलेली आणि शाळेतल्या मुली घालतात तसे पांढरे बूट अशा वेषात आयुष्यात पहिल्यांदा पळाले आणि आडगावच्या अलीकडेच थांबले. दम लागला नव्हता. भीती लागली होती. श्वास जोरात चालला की पुढं काय होतं ते अंगाला आठवत होतं. काका माझ्यापाशी येऊन पोचेपर्यंत श्वास आपोआप खाली बसला. काही झालं नाही. मी तिथं उभी राहून वाट बघत होते, आणि काहीच झालं नाही.

त्यांचा एकच नियम होता. पळताना बोलता आलं पाहिजे. ते शेजारून पळत विचारायचे, आज डब्याला काय? मी "मे... थी" म्हणाले की सिंगल बेल. मेथीचे दोन तुकडे झाले, गाडी गरम झाली, थांबा. मग चालायचं. कित्येक सकाळी मला त्यांचा राग यायचा, कारण मला अजून पळता आलं असतं. पण ते सोडत नसत. महिन्याभरात मी न थांबता ओझरला पोचले. दिवाळीच्या आधी वडाळीभोईच्या खांबाला. आणि थंडीतल्या एका सकाळी काकांच्या शेजारून पळत बाराव्या खांबाला हात लावला. तेवढ्यात मी अख्खी भाजी सांगितली होती, फोडणीसकट.

कॉलनीत बोलणं झालंच. त्या काळी आमच्याकडे बायका फिरायला जात, पळायला नाही. दोघीतिघी गच्चीवरून बघत. एकीनं मला विचारलं की घरी काही वाद झालाय का. मी काकांना सांगितलं तर त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही. स्टँडवरची माणसं येणाऱ्या गाडीकडे बघणारच, गाडीनं मनाला लावून घ्यायचं नसतं, एवढंच ते म्हणाले.

ते स्वतः कधी पळायला लागले, हे मी पुष्कळ दिवसांनी विचारलं. आम्ही ओट्यावर बसलो होतो. त्यांनी सांगितलं की नोकरीला लागून दोन-तीन वर्षं झाली असतील, तेव्हा पिंपळगावला गाडी सुटताना एक बाई हात वर करून पळत आली. उशीर झाला होता, ड्रायव्हर वैतागला होता, यांनी डबल बेल दिली. बाई वळणापर्यंत पळाली आणि मग थांबली. हात मात्र तिनं खाली घेतला नाही.

"तिला कुठं जायचं व्हतं, काय अडलं व्हतं, मला काय ठाव नाय," ते म्हणाले. "पण त्या दिसापासून कोणी पळताना दिसलं का मी बेल मारून गाडी थांबवली. लय मेमो घेतले त्याच्यापायी."

रिटायर झाल्यावर त्यांना वाटलं, आपण जन्मभर दारात उभं राहून बघितलं, तर पळणाऱ्याला आतून काय होतं ते एकदा पाहावं. अठ्ठावन्नाव्या वर्षी त्यांनी पँट कापली आणि सुरुवात केली. घाई करायचं काही कारण नव्हतं, कारण त्यांना कुठलीच गाडी पकडायची नव्हती.

आई निफाडहून राहायला आली तेव्हा मी तिला काही सांगितलं नव्हतं. पहिल्याच सकाळी तिनं मला बुटांच्या नाड्या बांधताना पाहिलं. मुलीनं सगळं सांगून टाकलं. आई तशीच खाली गेली आणि काकांना म्हणाली, "अहो, तिच्या छातीत शीळ वाजायची. मी तिला कडेवर घेऊन दवाखान्यापर्यंत चालत गेलेय, ती निळी पडली असताना. तुम्हाला काय माहीत?"

तिचा आवाज वाढला नव्हता. काकांनी वाद घातला नाही. डॉक्टरांचं नावही काढलं नाही. त्यांनी ओट्यावरचं स्टूल उचललं आणि म्हणाले, "माई, तुमी चला बरोबर. तुमी म्हणाल तवा थांबवू."

बाराव्या खांबापाशी त्यांनी स्टूल ठेवलं आणि आईला बसवलं. मी दुसऱ्या टोकाला गेले. त्या दिवशी काका माझ्याबरोबर पळाले नाहीत, आईशेजारी खांब धरून उभे राहिले. मी निघाले. एवढ्या लांबून आई अगदी लहान दिसत होती, पदर तोंडाशी धरलेली. तिनं थांब म्हटलं असतं तर मी थांबले असते. तिनं म्हटलं नाही. मी तिच्यापाशी पोचले तेव्हा ती उठली, मला पाठमोरी केलं, आणि लहानपणी करायची तसा माझ्या पाठीला कान लावला. रस्त्यानं जाणारी माणसं बघत होती. ती बराच वेळ ऐकत राहिली.

मग म्हणाली, "परत एकदा जाऊन ये. मला नीट ऐकू आलं नाही."

मी परत गेले आणि परत पळत आले. तिनं परत कान लावला. तिसऱ्यांदा तिनं मला पाठवलं तेव्हा तिला शंका नव्हती, हे मला पाठीवरच्या तिच्या हातावरून कळलं. तिला फक्त मला पळताना बघायचं होतं.

काकांचं पुढं काय झालं तेही इथंच सांगून टाकते. सत्तरीनंतर ते देवळ्याला भावाच्या घरी गेले. गुडघे धरले तेव्हा काठी घेऊन चालायचे, पण त्याला शेवटपर्यंत पळणंच म्हणत होते. जायच्या आधी त्यांच्या हाताखालून कॉलनीतल्या नऊ बायका आणि ते काठीवाले बँकेतले गृहस्थ एवढी माणसं पळायला शिकली होती. मी बेचाळीस किलोमीटरची मॅरेथॉन पहिल्यांदा पुरी केली तेव्हा त्यांना फोनवर कळवलं. त्यांनी विचारलं, वाटेत बसायला मिळतं का? मी नाही म्हटलं. "मग भारी शे," ते म्हणाले. देवळ्याला गेल्यापासून त्यांची बोली परत घट्ट झाली होती, 'हाय'चं 'शे' झालं होतं.

पण माझ्या डोळ्यांपुढं काका येतात ते त्या दहा किलोमीटरच्या दिवसाचे.

शहरात एक स्पर्धा जाहीर झाली होती. गोल्फ क्लबच्या मैदानातून निघायचं, त्र्यंबक रस्त्यानं सातपूरच्या पुढं जाऊन वळायचं आणि परत मैदानात यायचं. तेव्हा मला पळायला लागून तीन वर्षं झाली होती, तरी एका दमात दहा कधी केले नव्हते. नाव नोंदवायला दोघं गेलो. टेबलावरचा तरुण काकांना म्हणाला की ज्येष्ठांसाठी तीन किलोमीटरचं चालणं ठेवलंय. काकांनी मांडवाचा बांबू धरला आणि शांतपणे सांगितलं की तीन किलोमीटरमध्ये त्यांचं अंगच गरम होत नाही. मागं रांग वाढत गेली, लोक कुरकुरायला लागले. काका वळून त्यांना पुढं सरकायला सांगू लागले. शेवटी त्या तरुणानं नंबर देऊन टाकला.

स्पर्धेच्या सकाळी आई, नवरा आणि मुलगी मैदानात बसले आणि आम्ही दोघं गर्दीच्या अगदी मागून निघालो. पहिले दोन किलोमीटर मी काकांशेजारून पळत होते. मग ते म्हणाले, "ताई, तुम्ही आता पुढं व्हा."

मी म्हटलं, बरोबरच जाऊ.

"तीन वर्सं तुमी माझ्या चालीनं पळताय. तुमची चाल कोणती, ती तुमाला तरी ठाव हाय का?"

मला ठाऊक नव्हती. मी कधी शोधलीच नव्हती. सांभाळून पळणं एवढंच मला येत होतं, आणि सांभाळायला ते शेजारी होते. मी दहा-वीस पावलं पुढं गेले, मागं पाहिलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, रस्त्याकडे बघून पळत होते. मग मी पाय मोकळे सोडले.

ते कसं होतं ते मला अजून नीट सांगता येत नाही. माणसं माझ्या बाजूनं मागं जात होती. धोतर नेसलेले एक गृहस्थ गेले, कॉलेजातली दोन मुलं गेली. सातपूरच्या पुढं वळण घेतलं आणि परतीच्या वाटेवर मला रस्त्याच्या पलीकडून काका येताना दिसले. त्यांच्यामागं एकही पळणारा उरला नव्हता. होती ती ॲम्ब्युलन्स. शर्यतीत शेवटी राहिलेल्याला उचलून आणायचं तिचं काम होतं, आणि ती त्यांच्या दहा पावलं मागं, पहिल्या गिअरमध्ये, कण्हत येत होती. ड्रायव्हर खिडकीतून डोकं काढून त्यांना आत बसायची विनवणी करत होता.

काकांनी रस्त्यापलीकडून मला सांगितलं, "तीस वर्सं मी गाडीत व्हतो, ताई. आज गाडी माझ्या मागं हाय. बसू कशाला?"

शेवटच्या दोन किलोमीटरमध्ये छाती भरून आली. तीच जुनी भीती बरगड्यांच्या आत येऊन बसली. मी मोठ्यानं "मेथी" म्हणून पाहिलं. शेजारून पळणारा मुलगा दचकला. पण मेथी अखंड आली, तुकडे झाले नाहीत, आणि मग मी मैदानाचं फाटक दिसेपर्यंत थांबले नाही.

मुलगी मला येऊन बिलगली. नवऱ्यानं पाणी दिलं. आईचा हात माझ्या पाठीवर आला आणि तसाच राहिला. या वेळी तिनं कान लावला नाही. मी नीट उभी राहिल्यावर तिनं विचारलं, "ते कुठायत?"

आम्ही थांबलो. बक्षिसं वाटून झाली. पाहुणे गेले. माणसं खुर्च्या एकात एक घालायला लागली, लाउडस्पीकरवाला वायर गुंडाळायला लागला. शेवटच्या रेषेपाशी लावलेलं कापड सोडायला दोघं शिडी घेऊन आले तेव्हा नवरा जाऊन त्यांच्याशी बोलला आणि ते शिडीवरच बसून राहिले.

मग फाटकातून टोपी दिसली. तिच्यामागून ॲम्ब्युलन्स. ड्रायव्हर अजून खिडकीतून बोलतच होता. आता तर पोचलातच, शेवटचं एवढं तरी बसून जा, असं काहीतरी. काकांची पावलं पळण्याचीच होती, हात कोपरात वाकवलेले होते. पण चेहरा राखाडी पडला होता आणि ते कोणाशी बोलत नव्हते.

आई उठली. तिनं पदर खोचला आणि सरळ त्यांच्याकडे चालत गेली. ॲम्ब्युलन्ससमोर जाऊन ती उभी राहिली.

"गाडी बाजूला घ्या," ती ड्रायव्हरला म्हणाली. "माणूस पळतोय."

ड्रायव्हरनं गाडी बाजूला घेतली. आई वळली. तोवर काका पंचवीस-तीस पावलं पुढं, रेषेच्या जवळ गेले होते. ती त्यांना गाठायला निघाली, आधी भरभर चालत, मग तेवढ्यानं होईना म्हणून चपला तिथंच टाकून. साठीला आलेली माझी आई, नऊवारीचा ओचा एका हातात धरून, माझ्या डोळ्यांदेखत पळायला लागली. काकांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा परत माणसासारखा झाला. "पळा," आई त्यांना म्हणाली, "पळा, आलंच." शिडीवरच्या दोघांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग खुर्च्या उचलणाऱ्यांनी, मग त्या ड्रायव्हरनं.

आई दोन पावलं आधी पोचली. काका शेवटचे आले.